‘कोणतीही शाखा चालेल’, पण कोणाला?

मे महिना आला की आमच्या दाभोळात दोन गोष्टी एकदम येतात. मुंबईची आणि आखातातली माणसं सुट्टीवर येतात आणि क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. वरच्या कातळावर चुन्याच्या रेघा पडतात, मंडप उभा राहतो, जनरेटर येतो. स्पीकरवर मराठी, उर्दू आणि आपली कोकणी बोली एकाच वाक्यात मिसळणारा समालोचक सुरू झाला की दुपारची झोप कोणाला लागत नाही.

गेल्या मे महिन्यात अशाच एका स्पर्धेला मी दोन दिवस बसून होतो. आयोजक माझा जुना विद्यार्थी. चोवीस संघ होते. त्यातले काही धोपाव्याहून फेरीबोटीने मोटारसायकली टाकून आलेले. लॉट्स पाडणं, प्रवेश फी गोळा करणं, पंच आणि गुणलेखक ठरवणं, पाण्याचा टँकर, जेवणाची सोय, चषकाचा देणगीदार, पोलिसांची आणि ग्रामपंचायतीची परवानगी, यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण, नमाजच्या वेळी सामने थांबवण्याचं वेळापत्रक, हे सगळं एका चोवीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात आणि एका शंभर पानी वहीत होतं. पायचीतच्या निर्णयावरून दोन गावं एकमेकांच्या अंगावर जायला निघाली, तेव्हा हा मुलगा मध्ये उभा राहिला. पाच मिनिटांत खेळ पुन्हा सुरू झाला.

बक्षीस समारंभ संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, मोबाईलवर जाहिरात बघितली. क्रीडा व्यवस्थापनाची डिग्री असते म्हणे. मी बसतो का त्यात?”

त्याचं शिक्षण बारावी कॉमर्स, ४८ टक्के. पुढे कॉलेज सुटलं. मी त्याला म्हटलं, बघून सांगतो. मग दोन आठवडे मी माहितीपत्रकं चाळली, नियम वाचले, ओळखीच्या प्राध्यापकांना फोन केले. त्यातून जे हाती लागलं ते त्याला एका वाक्यात सांगता आलं नाही, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट अशी की कागदावरची अट अजिबात अवघड नाही. मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली क्रीडा व्यवस्थापनाची तीन वर्षांची पदवी मिळते. बारावी उत्तीर्ण हवं, कोणतीही शाखा चालेल. पुढे पदव्युत्तर किंवा एमबीए करायचं तर कोणतीही पदवी, बऱ्याच ठिकाणी ५० टक्क्यांची अट, वर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत. सायन्सच हवं असं नाही, राज्यस्तरावर खेळलेलं हवं असंही नाही. वाचून मी खूश झालो. म्हटलं, हा मुलगा बसतो.

मग शुल्काचं पान उघडलं. आकडा लाखांत होता. त्यावर मुंबई-पुण्यात राहण्याचा खर्च. शिकवण्याची भाषा इंग्रजी, मुलाखत इंग्रजी, प्रकल्प अहवाल इंग्रजी. हे अभ्यासक्रम बहुतेक करून खासगी संस्थांच्या हातात आहेत. ‘कोणतीही शाखा चालेल’ हे वाक्य खरं आहे. फक्त ते ज्याच्या घरात पैसा आणि इंग्रजी आधीपासून आहे त्याच्यासाठी खरं आहे. बाकीच्यांना ते दुकानाच्या काचेतून दिसणाऱ्या मिठाईसारखं.

म्हटलं, सरकारी रस्ता बघू. खेळाच्या शिक्षणात आपल्याकडे सर्वसामान्य मुलाला परवडणारा जुना रस्ता एकच, बीपीएड. तो व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम नव्हे, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचा आहे. पण गरीब घरातला मुलगा खेळाच्या क्षेत्रात पदवी घेऊन शिरतो तो बहुधा इथूनच. त्याची अट एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीत आहे. कोणतीही पदवी ५० टक्क्यांनी, आणि सोबत शालेय, आंतरमहाविद्यालयीन किंवा जिल्हा पातळीवरच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत सहभाग. किंवा ४५ टक्के आणि पदवीला शारीरिक शिक्षण हा विषय. किंवा ४५ टक्के आणि त्याहून वरच्या पातळीवरचा खेळ. स्पर्धा कोणाच्या मान्यतेची हवी तेही लिहिलं आहे: भारतीय विद्यापीठ महासंघ, भारतीय ऑलिम्पिक संघटना, शालेय खेळ महासंघ किंवा भारत सरकार.

आता माझा विद्यार्थी या चाळणीत घालून बघा. आठ वर्षं स्पर्धा भरवणारा, गावाच्या संघाचा सलामीचा फलंदाज. त्याच्याकडे कपाटभर चषक आहेत, पण मान्यताप्राप्त स्पर्धेचा एकही कागद नाही. गावमर्यादित स्पर्धेच्या प्रमाणपत्राला विद्यापीठात किंमत शून्य. तो उद्या पदवीधर झाला तरी ‘खेळात सहभाग’ या रकान्यात त्याला रेघ मारावी लागेल. ज्याने शाळेत असताना एकदा तालुक्याला जाऊन पहिल्याच फेरीत हरून परत आला आणि तिथून पुढची पायरी कशीबशी गाठली, त्याच्याकडे कागद आहे. हा काय न्याय?

आणि हा कागद फक्त प्रवेशाला लागत नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण याच साखळीतून येतात. शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षणही याच साखळीतल्या वरच्या कागदांवर. म्हणजे चौदाव्या-सोळाव्या वर्षी जो मुलगा या साखळीच्या बाहेर राहिला त्याच्यासाठी तीन दारं एकदम बंद होतात. ती बंद झाली हे त्याला कळतं विसाव्या वर्षानंतर, एखाद्या जाहिरातीमुळे.

मग हा मुलगा साखळीच्या बाहेर का राहिला? इथे मला माझ्याच पेशाकडे बोट दाखवावं लागतं.

मी बीएड आहे. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण नोकरीची बरीच वर्षं शाळेची शिट्टी माझ्या गळ्यात होती. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक नव्हता, म्हणून पीटीचा तास ज्याचा तास मोकळा त्याच्याकडे. परीक्षा जवळ आल्या की पहिला बळी त्या तासाचा. मीही तो बळी दिला आहे. मैदानावर सोडलेल्या पोरांना आत बोलावून मी व्याकरण शिकवलं आहे आणि आपण किती कर्तव्यदक्ष असं मनात म्हटलं आहे.

यात माझा दोष आहेच, पण रचनेचाही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलं आहे. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. पण केव्हा? पट शंभराच्या वर असेल तेव्हा. कोकणातल्या किती गावांत सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर उरला आहे? माणसं मुंबईला गेली, आखातात गेली, उरलेली इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसली. उर्दू शाळांचं तर विचारूच नका. म्हणजे कायद्यानेच लहान गावातल्या मुलाचा खेळाचा शिक्षक काढून घेतला. खेळाचा शिक्षक नाही, म्हणून तालुक्याच्या स्पर्धेची नोंदणी कोणी करत नाही. नोंदणी नाही, म्हणून कागद नाही. कागद नाही, म्हणून पुढचं काही नाही. शाळेच्या पटापासून विद्यापीठाच्या दारापर्यंत सरळ रेघ आहे ती ही.

इथवर वाचून काही जण म्हणतील, सर, मुळात खेळाला डिग्री कशाला? पोरं खेळतात, स्पर्धा होतात, तुम्ही नसता उद्योग कशाला काढता?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि मला त्याचा राग येतो. कारण डिग्री नसल्याची किंमत मी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावच्या स्पर्धेत झेल घेताना एक मुलगा सीमारेषेपाशी रचलेल्या दगडांवर पडला. नडगीचं हाड मोडलं. मैदानावर प्रथमोपचाराची पेटी नव्हती. पाय कसा बांधायचा हे कोणाला माहीत नव्हतं. दोघांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं, जे कधीच करायचं नसतं. मग सुमोमध्ये आडवा टाकून वळणावळणाच्या रस्त्याने दापोलीला नेला. विमा नव्हता. अंतिम सामन्याच्या वेळी चादर फिरवून पैसे गोळा केले. तो मुलगा आज चालतो, पण लंगडतो. आयोजक वाईट माणसं नव्हती. त्यांनी चषकावर जितका खर्च केला त्याच्या दहाव्या हिश्शात पेटी, स्ट्रेचर आणि विमा झाला असता. हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

सीमारेषा भिंतीपासून किती दूर हवी, विजेची तार कुठून न्यायची, गर्दीला बाहेर पडायला किती वाटा हव्यात, उन्हात सलग किती सामने खेळवायचे, जमाखर्च कसा लिहायचा, देणगीदाराशी करार कसा करायचा, हेच तर क्रीडा व्यवस्थापन. हा विषय वर्गात बसलेल्या कोणाच्या कल्पनेतून आलेला नाही. अमेरिकेत ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ साली जेम्स मेसन या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारलं होतं की मैदानं आणि स्पर्धा चालवायला शिकलेली माणसं आम्ही आणायची कुठून. त्या विचारणेतून १९६६ साली ओहायो विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे आधी मैदान, मग विद्यापीठ. आपल्याकडे उलटं झालं आहे. विद्यापीठाचा कागद आधी विचारला जातो आणि मैदानाचा अनुभव कोणी विचारतच नाही.

आणि हा विषय आपल्या मातीला परका आहे असंही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्याचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. मुंबईच्या कांदिवलीत १९३८ साली शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था उभी राहिली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल बांधलं गेलं. त्याच बालेवाडीसाठी २०२० साली महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा झाला. तेव्हा भांडण झालं ते विद्यापीठ औरंगाबादला की पुण्याला यावर. त्या भांडणात मी कोकणाचं नाव एकदाही ऐकलं नाही. आपल्या आमदारांनीही ते काढलं नाही आणि आपणही त्यांना विचारलं नाही.

कोकणाने का विचारायला हवं होतं, ते सांगतो.

क्रीडा व्यवस्थापनाच्या जोडीला विद्यापीठं आणखी एक विषय शिकवतात, रिक्रिएशन. मराठीत आपण मनोरंजन म्हणून सोडून देतो, पण अर्थ त्याहून मोठा आहे. माणसं मोकळ्या वेळात जे करतात, म्हणजे पोहणं, भटकणं, होडीत बसणं, किल्ला चढणं, ते सुरक्षित आणि नीट चालवण्याचं शास्त्र. आता सांगा, दापोली तालुक्यात दुसरं काय चालतं? मुरूड, कर्दे, हर्णै, लाडघर. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग. डॉल्फिन दाखवायला नेणारी होडी कोण चालवतं? आपली मुलं. भरती-ओहोटी, वारा, वाळूचा बांध कुठे सरकला हे त्यांना झोपेतही कळतं. पण रिसॉर्टच्या काउंटरमागे व्यवस्थापक म्हणून जो बसतो तो बाहेरून आलेला असतो, कारण त्याच्याकडे पदवी आहे. आपला मुलगा त्याच्या हाताखाली रोजंदारीवर बनाना बोट ओढतो. पर्यटक बुडाला तर पोलीस ठाण्यात मात्र आपलाच मुलगा आधी बसतो.

होडी चालवण्याचं आणि जीवरक्षकाचं शिक्षण मिळत नाही असंही नाही. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. तिथल्या छोट्या अभ्यासक्रमांना पदवी लागत नाही, पोहता येणं आणि तब्येत लागते. दाभोळ खाडीत लहानपणापासून डुंबणाऱ्या मुलांना याहून सोपी अट कोणती? तरी आमच्या मोहल्ल्यातून तिथे कोण गेलं, असं विचारलं तर मला एकही नाव सांगता येत नाही. इथे दोष विद्यापीठाचा नाही. इथे आपण झोपलो आहोत.

आणि आखाताचं काय? आपल्या घराघरातला एक माणूस कुवेत, दोहा, जेद्दा नाहीतर मस्कतला असतो. कतारने २०२२ चा फुटबॉल विश्वचषक भरवला. २०३४ चा सौदी अरेबियात होणार आहे. मैदानं, हॉटेलं, बागा, पोहण्याचे तलाव, सगळं चालवायला माणसं लागणार. ती जागा व्यवस्थापकाची असेल तर साक्षांकित पदवी मागतात. आखातात जाऊन आलेल्या कोणालाही ‘अटेस्टेशन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पदवी नसेल तर त्याच मैदानावर आपला मुलगा जाईल, पण खुर्च्या पुसायला किंवा गाडी चालवायला. ते कामही हलालच आहे, त्यात लाज नाही. लाज याची आहे की चोवीस संघांची स्पर्धा एका वहीवर चालवणाऱ्या मुलाला आपण त्याच जागी पाठवतो.

इथे मायदेशातही तेच. २०२४ साली ठाण्यात टेनिस चेंडूवरची मोठी लीग सुरू झाली. सिनेमातले तारे संघांचे मालक झाले. टेनिस चेंडूचं क्रिकेट जगवलं कोणी? कातळावर, सड्यावर, भात कापलेल्या शेतात खेळणाऱ्या पोरांनी. खेळाडू म्हणून त्यातल्या काहींना संधी मिळते, चांगलं आहे. पण खेळाडूंच्या मागे जे शंभर हात लागतात त्यात आपले किती?

आता समाजाशी थोडं बोलतो. कोणाला बोचलं तर माफ करा.

माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांशी मी बोललो. सव्वीस वर्षं कुवेतमध्ये काढलेला सरळ माणूस. ते म्हणाले, “सर, खेळून कोणाचं पोट भरलंय? त्याला आयटीआयला घाला.” आयटीआय वाईट नाही. पण मी त्यांना विचारलं, मुलगा खेळतो कुठे? तो खेळ चालवतो. हिशेब ठेवतो, माणसं सांभाळतो, भांडणं मिटवतो. हे काम हॉटेलात केलं असतं तर तुम्ही त्याला मॅनेजर म्हणाला असता. ते गप्प राहिले. मग म्हणाले, “पैसे कुठून आणू?”

हा खरा प्रश्न आहे. आपल्या जमातीच्या बैतुलमालमधून शिक्षणाला मदत होते, अल्हम्दुलिल्लाह. पण यादी काढून बघा. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, क्वचित डीएड-बीएड. खेळाचं नाव घेतलं की मीटिंगमध्ये हसू येतं. व्याजाचं कर्ज नको म्हणून बँकेत जायचं नाही, आणि जमातीकडे मागायला गेलं तर हसं. मग त्या मुलाने जायचं कुठे? चषक, फ्लेक्स, आतषबाजी यांना देणगी देणारे हात एका मुलाच्या फीसाठी का आखडतात? एका मोसमात आपल्या पंचक्रोशीत जितक्या स्पर्धा होतात, त्यांनी प्रत्येकी चषकाची उंची एक वीत कमी केली तरी एका मुलाचं एक वर्ष निघेल, असा माझा अंदाज आहे.

मुलींचं तर वेगळंच दुखणं. मी शिकवत असताना खो-खो चांगली खेळणारी एक मुलगी होती. तालुक्याची स्पर्धा आली. सोबत जायला शिक्षिका नव्हती. घरून परवानगी मिळाली नाही. मीही जोर लावला नाही. कागद बुडाला. आज ती दोन मुलांची आई आहे आणि तिला शारीरिक शिक्षणाची शिक्षिका व्हायचं होतं हे तिने मला परवा बाजारात भेटल्यावर सांगितलं. मी घरी येऊन बराच वेळ गप्प बसलो.

ज्यांना मुलींच्या खेळाबद्दल धर्माचा प्रश्न पडतो त्यांना मी एवढंच आठवण करून देतो की प्रेषितांनी (स.) हजरत आयशा (र.) यांच्याबरोबर शर्यत लावल्याचं, एकदा त्या जिंकल्याचं आणि पुढे एकदा प्रेषित जिंकल्याचं हदीसमध्ये, अबू दाऊदच्या संग्रहात आलं आहे. प्रश्न खेळण्याचा नाही, व्यवस्थेचा आहे. वेगळी वेळ, आडोशाची जागा, सोबत बाई शिक्षक, विश्वासाची ने-आण. ही व्यवस्था उभी करणारी माणसं हवीत आणि ती स्त्रिया असतील तर आई-बाप मुलगी निर्धास्त पाठवतील. म्हणजे क्रीडा व्यवस्थापन शिकलेल्या मुलींची गरज कोणाला सगळ्यात जास्त असेल तर ती आपल्यालाच आहे. आणि आपणच त्यांना तालुक्यापर्यंत जाऊ देत नाही.

मला कोणी अट काढून टाका असं म्हणतो असं वाटू नये. मी शिक्षक आहे. बीएड न करता कोणी वर्गावर उभं राहिलं तर मला चालणार नाही. मैदानावरही चालू नये. अट असावी, पण ती योग्य गोष्ट मोजणारी असावी. आज ती तीन गोष्टी मोजते: टक्के, पैसा आणि शाळेने कधीकाळी केलेली नोंदणी. या तिन्हींचा स्पर्धा चालवण्याशी फार थोडा संबंध आहे.

मग करायचं काय? मी चार गोष्टी मागतो. तीन सरकार आणि विद्यापीठाकडे, एक आपल्याकडे.

एक. क्रीडा व्यवस्थापनाच्या प्रवेशात प्रत्यक्ष स्पर्धा भरवल्याच्या अनुभवाला गुण द्या. खोट्या प्रमाणपत्रांची भीती वाटत असेल तर तोंडी परीक्षा घ्या, मैदानावर उभं करून एक दिवसाची स्पर्धा चालवायला सांगा. बीपीएडच्या प्रवेशाला मैदानी चाचणी घेता येते, मग इथे का नाही? २०२३ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात खेळाला आणि कामातून मिळवलेल्या अनुभवाला श्रेयांक देण्याची सोय लिहिलेली आहेच. ती कागदावरून कातळावर आणा. आणि हे महाराष्ट्राला नवीन नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने कित्येक वर्षं पूर्वतयारी शिक्षणक्रमातून दहावी-बारावी न झालेल्यांना पदवीचं दार उघडून दिलं होतं. त्याने आकाश कोसळलं नाही.

दोन. रत्नागिरीत मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तिथे क्रीडा आणि पर्यटन व्यवस्थापनाची पदवी बीए-बीकॉमच्या फीमध्ये, मराठीतून उत्तरं लिहिण्याची मुभा देऊन सुरू करा. समुद्र इथे, किल्ले इथे, पर्यटक इथे, आणि हा विषय शिकायला मुलाने पुण्याला जायचं?

तीन. अंशकालीन निदेशकासाठी शंभर पटाची अट डोंगरी आणि किनारी भागात शिथिल करा. एका शाळेला नको, पाच शाळांना मिळून एक फिरता क्रीडाशिक्षक द्या. त्याचं पहिलं काम तालुक्याच्या स्पर्धेत प्रत्येक शाळेची नोंदणी.

चार, आपल्यासाठी. प्रत्येक मंडळाने स्पर्धेचा कागद ठेवावा. परवानगीची प्रत, जमाखर्च, संघांची यादी, जबाबदाऱ्यांची वाटणी, प्रथमोपचार कोणाकडे होते, हे सगळं एका फाईलमध्ये. आज विद्यापीठ तो कागद मानत नसेल. पण उद्या अनुभवाला गुण मिळायला लागले तर दाखवायला आपल्याकडे फक्त चषक असतील, अशी वेळ येऊ नये.

आमच्या जवळचं एक उदाहरण देऊन थांबतो. चिपळूणजवळच्या कालुस्त्यात जन्मलेले गुलाम परकार १९८२ साली लॉर्ड्सवर भारताकडून कसोटी खेळले. आपल्या भागात ते नाव अभिमानाने घेतलं जातं. त्यांचा रस्ता मुंबईच्या मैदानांवरून गेला, कारण तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता. त्याला आता चाळीसहून अधिक वर्षं झाली. खेळाडूसाठी नाही आणि खेळ चालवणाऱ्यासाठी तर मुळीच नाही, असा आपल्या जिल्ह्यात दुसरा रस्ता आपण अजून बांधलेला नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी शेवटी खरं ते सांगितलं. तू कागदावर बसतोस, पैशात बसत नाहीस. मुक्त विद्यापीठातून बीकॉमचा अर्ज भर, पदवी हातात येऊ दे, तोवर जीवरक्षकाचा अभ्यासक्रम कर, इंग्रजी माझ्याकडे ये. त्याने अर्ज भरला आहे. रात्री इशानंतर तो वही घेऊन येतो. यंदाच्या स्पर्धेची तयारी सुरू आहे. त्याच्या यादीत पहिल्या ओळीवर चषकाच्या जागी प्रथमोपचाराची पेटी लिहिलेली मी पाहिली, आणि तिसऱ्या ओळीवर खेळाडूंचा विमा. देणगीदार शोधतो आहे. चषकाला चार जण तयार आहेत. विम्याला अजून कोणी नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणी असेल तर कळवा.